राऊतबाईंचं पिवळं पाणी

राऊतबाईंकडे खोली बघायला गेले तेव्हा मला सडकून सर्दी झाली होती. पुलगाव स्टेशनपासून बैलगाडीनं, नाचणगाव मागे टाकून कोसभर आत, सगळी वाट मी शिंकत आले होते. बाईंनी खोली दाखवायच्या आधी मला ओसरीवर बसवलं आणि आलं घालून उकळलेला काढा पितळी पेल्यात आणून दिला.

"यानं सर्दी जाते का हो?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"काई जात नाई," बाई म्हणाल्या. "सर्दी आपल्या मनानं येते अन् आपल्या मनानं जाते. घशाले बरं वाटते तेवढं. प्या, गरम आहे तवर."

मी कन्याशाळेत नवी मास्तरीण म्हणून आले होते आणि बाई तिथल्या हेडमास्तरीण होत्या. ती खोली मी घेतली आणि बदली होईपर्यंत त्यांच्याच घरात राहिले. उंच, हाडापेरानं मोठी बाई. बिनकाठाचं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या कामाकडे बघायच्या, पण प्रश्न विचारायचा असला की काम थांबायचं आणि चष्म्यातून सरळ तोंडावर नजर यायची. प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा : "अन् नसतं केलं तर?"

पोराला मेथी-ओवा दिला आणि पोट थांबलं, असं कुणी सांगितलं की, "अन् नसतं केलं तर?" चामखिळीला घोड्याचा केस बांधला आणि ती गळाली, "अन् नसता बांधला तर?" सांगणारी बाई चिडायची. राऊतबाई चिडायच्या नाहीत. त्यांना खरंच हवं असायचं ते उत्तर. एकदा वर्गात पोरींच्या डोळ्यांवर रांजणवाड्या उठायची साथच आली, तेव्हा त्यांनी काही पोरींना लवंग उगाळून लावायला सांगितली आणि काहींना नुसतं ऊन फडकं. कुणाची कधी बसली ते पोरींनीच फळ्यावर मांडलं. काही फरक पडला नाही. "मंग लवंगा भाजीत टाका," बाई म्हणाल्या.

पण सगळंच त्यांनी उडवून लावलं असंही नव्हतं. हगवण लागलेल्या लेकराचं पाणी तोडायची आमच्याकडे रीत होती. बाई अशा घरी जाऊन तांदळाची पेज मीठ घालून चमच्या-चमच्यानं पाजत बसायच्या. "पाजलेली पोट्टी वाचून राह्यली, तहानलेली मरून राह्यली. हे मी डोळ्यानं पाह्यलं," एवढंच म्हणायच्या. त्यांचे मालक मुदतीच्या तापानं गेले तेव्हा मुलगी, सुमन, रांगत होती. मालकांसाठी वैद्य झाला, डॉक्टर झाला, अंगारा झाला, गिरडच्या दर्ग्याला नवस झाला. "सगळं एकाच टायमाले केलं," एकदा डाळ निवडताना त्या म्हणाल्या. "कशानं त्याईले दोन दिवस बरं वाटलं अन् कशानं बिघडलं, काईच समजलं नाई. आता समजायचंही नाई."

आणि गंमत अशी, की याच बाईंच्या दारात रविवारी सकाळी गाड्या सुटलेल्या असायच्या. त्यांच्या सासऱ्यांकडे कावीळ उतरवायची विद्या होती. त्यांना मुलगा उरला नाही म्हणून मरताना त्यांनी ती सुनेच्या हाती दिली. आंब्याच्या सालीचं पाणी रोग्याच्या हाताला चोळायचं, तोंडानं काही पुटपुटायचं आणि मग परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. कावीळ हातावाटे उतरली. पैसा घ्यायचा नाही, नारळही नाही. आर्वी-देवळीकडून लोक यायचे आणि बरे व्हायचे.

मी येण्याच्या जरा आधी हिंगणीकडचे दोघे भाऊ आले होते. दोघेही सारखेच वाळकुडे, सारखेच भेदरलेले. एक जण पुढे येऊन बसला. बाईंनी त्याचे हात चोळले, धुतले, पाणी पिवळंधमक झालं. तो उठला आणि म्हणाला, "आता याचे धुवा बाई. कावीळ मले नाई, याले हाये."

अंगण हसलं. बाई हसल्या नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी आपलेच हात चोळून धुतले. पाणी पिवळं. सुमनचे धुतले, शेजारच्या धडधाकट पैलवानाचे धुतले. सगळ्यांचं पिवळं. साल आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होणारच, हात कुणाचेही असोत.

"पण लोक बरे व्हायचे ना?" मी विचारलं होतं.

"तेच तं," बाई म्हणाल्या. "मंग मी सुट्टीत गावोगाव फिरले. ज्यायनं काईच केलं नाई, असे काविळीवाले धुंडले. घरात पडून राह्यले, हलकं खाल्लं, तेही बरे झाले. जे मरायचे ते माह्याकडे येऊनही मेले होते. ते सांगाले परत येत नाई, एवढंच."

सुट्टी संपल्यावरच्या पहिल्या रविवारी त्यांनी जमलेल्या सगळ्यांचे हात धुऊन दाखवले, रोग्यांचे आणि त्यांना घेऊन आलेल्यांचेही. म्हणाल्या, यात काही नाही, उगाच बैल दमवू नका. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "म्हंजे सगळ्यायलेच आतून कावीळ हाये म्हना ना!" त्या दिवशी जास्तच लोकांनी हात पुढे केले. बाईंनी परात उचलून आत नेऊन ठेवली ती ठेवलीच. गाड्या यायच्या, बाई समजावून परत पाठवायच्या. लोक म्हणायचे, बाईचा गुण गेला.

हे सगळं हसत सांगण्यासारखं होतं, नागपूरच्या धर्मांतरानंतरच्या पावसाळ्यापर्यंत. त्या साली आषाढात नाला फुगला आणि गावाच्या मोठ्या विहिरीत शिरला. ओसरल्यावर चार दिवसांत पाणी निवळलं, चवीला गोड लागलं. सगळं गाव तेच पीत होतं. सुमनही. ती पहिलटकरीण, बाळंतपणासाठी त्याच सुमाराला माहेरी आली होती. बोलकी, जरा लठ्ठ, आईसारखीच उंच. दिवसभर माझ्या खोलीच्या दारात बसून लोकरीचं टोपडं विणायची आणि सासरच्या नकला करायची.

पोळ्याच्या आसपास डोळे पिवळे झालेली माणसं दिसू लागली. आधी केशव वाण्याचा मुलगा, मग एकेका घरात दोघं-तिघं. आणि मग एक गरोदर बाई गेली. मग दुसरी. धडधाकट बापे बरे होत होते आणि पोटुशा बाया दोन दिवसांत बरळायला लागून मरत होत्या. राऊतबाई वर्ध्याला जाऊन सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून आल्या. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सांगितलं, याला औषध नाही, कुणाकडेच नाही. पडून राहू द्या, पाणी उकळून प्या, आणि दोन जिवांच्या बायांना जपा.

"'कसं जपू?' असं मी विचारलं त्याले," बाई म्हणाल्या. त्यावर त्यानं पुढच्या रोग्याला आत बोलावलं होतं.

दारात परत गाड्या आल्या. या वेळी गावच्याच. केशव वाणी स्वतः आला, सूनबाईला घेऊन. तिलाही दिवस गेलेले होते.

"बाई, हात धुऊन द्या हिचे."

"केशवभाऊ, त्यात काई नाई. तुम्हाले सांगितलं होतं मी."

"नसू द्या. तुमचं काय जाते?"

"माह्यं काई जात नाई. तुम्ही हात धुऊन घरी जासान अन् तेच पानी पाजसान हिले. पानी उकळा. मी हात जोडते."

"लाकडं ओली हायेत सारी. किती उकळू? बारा माणसं हायेत घरात." तो ओरडला आणि मग एकदम रडायलाच लागला. "बाई, काई तं द्या! खालीहात नका धाडू मले!"

बाईंनी त्याच्या सुनेला आपल्या घरचं उकळलेलं पाणी पाजलं, कळशी भरून बरोबर दिली. तो कळशी घेऊन गेला, पण जाताना म्हणाला, "तुमच्या सासऱ्यानं असं केलं नसतं."

ती मुलगी वाचली नाही.

मग बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. शाळेत हजेरी घेताना आली. उगवतीच्या मोहल्ल्यातल्या पोरी रोज येत होत्या. आदल्या वर्षी दीक्षा घेऊन आलेल्या माणसांचा तो मोहल्ला. त्यांना गावच्या विहिरीवर कधीच चढू दिलं नव्हतं, म्हणून त्यांची आपली एक लहान विहीर होती, वरच्या अंगाला, नाल्यापासून लांब. बाई त्या मोहल्ल्यात घरोघर जाऊन आल्या. एकाचाही डोळा पिवळा नव्हता. तिथं दोन गरोदर बाया होत्या आणि त्या निंदायला जात होत्या.

बाई धावतच घरी आल्या. इतकं आशेनं उजळलेलं त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. तशाच चावडीवर गेल्या. पाटील आणि चार मंडळी होती. मी ओट्याखाली उभी होते.

"आपल्या इहिरीत आहे काविळीचं बीज. त्याईच्या इहिरीत नाई. पाऊस थांबेपर्यंत तिथलं पानी प्या. मी विचारते त्याईले. नाई म्हणनार नाई ते."

मग पाटील समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पन आता म्हाताऱ्या मानसाईले काय सांगू मी? त्या तिकडचं पानी पिऊन जगा म्हनून?" त्यांनी मोहल्ल्याचं नाव घेतलंच नाही, हातानंच दाखवलं.

"बाया मरून राह्यल्या पाटील!"

"मरन कोनाच्या हाती हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डोक्यावर घागर घेतली आणि एकट्या त्या विहिरीवर गेल्या. मी मागून गेले. भागाबाई पाणी ओढत होती. ती शेतमजुरी करायची, तिची मुलगी आमच्या तिसरीत होती. तिनं दोर थांबवला.

"बाई, पान्याले नाई कोन म्हनन?" ती म्हणाली. "आमाले तुमच्या इहिरीवर नाई म्हनत होते, तसं आमी नाई म्हननार. पन एक सांगतो. तुमच्या घरी पोटुशी पोरगी हाये. उद्या तिले काई झालं, तं गाव म्हनन आमच्या पान्यानं झालं. आमी विटाळाले भेत नाई आता. आळाले भेतो."

"मी सांगीन ना सगळ्याईले."

"तुमचं कोन आयकते, बाई?"

तरी तिनं घागर भरून दिली, वर उचलून डोक्यावर ठेवून दिली. बाई भर गावातून चालत घरी आल्या. त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर शेजारणींनी यायचं बंद केलं. बाईंना पर्वा नव्हती. त्या पाणी आणायच्या, वर आणखी उकळायच्या, आणि सुमनला स्वतःच्या हातानं द्यायच्या. रोज सकाळी तिला उजेडात उभी करून डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या.

दोन आठवडे गेले असतील. एका सकाळी पापणी ओढली आणि बाईंचा हात तसाच राहिला. सुमननं विचारलं, "काऊन वं आई?" बाई आत गेल्या.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, हे दुखणं अंगात शिरलं की महिना-दोन महिने लपून राहतं. म्हणजे ते कधीच शिरलं होतं. आषाढात. मोठ्या विहिरीच्या पाण्यातून.

वर्ध्याला न्यायचं ठरलं. छकडा यायला दुपार झाली. तोवर सुमन ओसरीवर पडून होती. मळमळत होतं, अंगाला खाज होती, पण शुद्धीवर होती.

"आई, तू साऱ्या मुलखाचे हात धुतले. माह्ये धू ना."

"सुमे, त्यानं काई होत नाई. तुले मालूम आहे. तुह्येही धुतले होते मी, तू चांगली असताना."

"मालूम आहे. तरी धू."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या. परात माळ्यावर होती, ती मी काढून दिली. आंब्याची साल त्यांनी परसातून स्वतः खरवडून आणली, चुना पानाच्या डब्यातला. निवळी बसेपर्यंत त्या परातीपाशी गुडघ्यावर बसून होत्या. मग सुमनचे सुजलेले हात त्यांनी एकेक बोट करून चोळले, सासऱ्यांचं ते पुटपुटणंसुद्धा केलं. पाणी पिवळं झालं.

"निघाली, पाह्य," सुमन म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या, "बरीच निघाली."

त्यांच्या तोंडून खोटं मी तेवढंच ऐकलं.

छकड्यात सुमनचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सेलूकाटे ओलांडेपर्यंत ती बोलत होती, मग मला सासूबाई म्हणू लागली, मग काहीच नाही. दवाखान्यात डॉक्टर रात्रंदिवस झटले. मूल मेलेलं जन्मलं आणि त्यामागून सुमन गेली. जावई येईपर्यंत बाई तिच्या उशाशी टोपड्याची लोकर गुंडाळत बसल्या होत्या. अर्धवट विणलेलं उसवून त्यांनी सगळा गुंडा केला. कशाला, ते त्यांनाही माहीत नसावं.

गावात परतलो तर भागाबाई बोलली होती तेच झालेलं. त्या मोहल्ल्याच्या पाण्यानं मास्तरणीची पोरगी गेली, देव कोपला. काही पोरं त्या विहिरीत मेलेलं जनावर टाकायची भाषा करत होती. मोहल्ल्यातली माणसं काठ्या घेऊन विहिरीभोवती बसली होती. भागाबाई आपल्या मुलीला शाळेतून हाताला धरून घेऊन गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

सुमनचं सुतक फिटायचं होतं. बाई तशाच चावडीवर गेल्या. पायरी चढताना मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी माझा हात सोडवला.

"आयका," त्या म्हणाल्या. "माह्यी पोरगी आपल्या इहिरीच्या पान्यानं मेली. आषाढात ते पानी मी पाजलं तिले. या हातानं. तांब्या भरून भरून. गर्मी होते म्हणे ती, तं मी आनखी पाजलं. तुम्हाले कोनाले मारायचं असन तं मले मारा. त्या इहिरीले हात लावसान तं पहिले मले त्यात टाका."

पोरं उठून गेली. त्या विहिरीत कुणी काही टाकलं नाही. पण बाईंचं पटलं म्हणून नव्हे. आम्ही निघताना पाटील मागून म्हणाले, "डोकं फिरलं बिचारीचं," ते मी ऐकलं. बाईंनीही ऐकलं असणार.

मग नवरात्रात गावानं मोठ्या विहिरीची पूजा केली. खण-नारळ वाहिला, पाच सवाष्णी जेवल्या. पाऊस तोवर थांबलाच होता, पाणी आटून स्वच्छ झालं होतं, आणि ज्यांना व्हायची त्यांना कावीळ होऊन गेली होती. दिवाळीपर्यंत साथ संपली. पूजेचा गुण आला, असं केशव वाणी दुकानात सांगत होता. बाई मिठाचा पुडा घ्यायला उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या चष्म्यातून वर बघतील आणि विचारतील. त्यांनी पुडा घेतला आणि निघाल्या.

घरी एकदा भाकरी थापता थापता त्यांचे हात थांबले.

"मास्तरीणबाई, त्या दिवशी हात धुतल्यावर तिले थोडं बरं वाटलं का हो? तुम्ही पाहून राह्यल्या होत्या."

"वाटलं," मी म्हटलं. "चेहरा निवळला होता तिचा."

"खरंच वाटलं, का मले बरं वाटावं म्हणून सांगता?"

भाकर तव्यावर करपली.

मार्गशीर्षात माझी आर्वीला बदली झाली. बाई मला पोचवायला गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत आल्या. फार वाळल्या होत्या. माझी ट्रंक गाडीत चढवून झाली आणि त्या मला आर्वीला कुठे राहायचं ते सांगत होत्या, इतक्यात समोरून एक बैलगाडी आली. लांबच्या गावची असावी. हाकणाऱ्यानं विचारलं, "कावीळ उतरवनारी राऊतीनबाई इथंच राह्यते का?" मागे गोधडीवर एक तरुण बाई पडली होती. पोट दिसत होतं. डोळे मिटलेले होते.

बाई माझ्याशी बोलायचं सोडून गाडीपाशी गेल्या. मी पाहत होते. त्यांनी त्या बाईच्या कपाळाला हात लावला, पापणी ओढली.

"मीच ते. पन माह्याजवळ औषध नाई रे बाबा. कोनाचजवळ नाई. हिले वर्ध्याले ने, दवाखान्यात. आत्ताच ने."

"तिथं औषध हाये?"

बाईंनी त्या बाईच्या अंगावरची गोधडी सारखी केली. "नाई," त्या म्हणाल्या. "पन बाळंतपन सांभाळतीन."

त्या माणसाचं तोंड कसनुसं झालं. "मंग तिकडं देवळीच्या पुढं एक जन मंतरते म्हनते. तिकडंच नेतो." त्यानं बैल वळवले.

"अरे थांब! आयक तं!" बाईंनी गाडीचा मागचा दांडा धरला आणि गाडीबरोबर चालू लागल्या. "त्याच्याकडे जाजो, पन आधी दवाखान्यात. अन् घरी पोट्टे आहेत का? त्याईले उकळलेलं पानी दे. किती घरं आहेत तुमची? पानी कुठचं पिता? इहीर नाल्याच्या किती जवळ आहे?"

तो पुढे बघून बैलांना हाकत होता. बैल पळू लागले तशी बाईंची पावलंही पळू लागली. पदर खांद्यावरून सुटून धुळीत लोळत होता आणि त्यांनी दांडा सोडला नव्हता. वळणावरच्या बाभळींआड गाडी जाईपर्यंत त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.